बाजूला काढलेली मूठ : घरगुती काटकसरीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी घरगुती काटकसरीविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. काटकसरीवर उपदेश करणे सोपे आणि ऐकणे कंटाळवाणे. शिवाय ज्या माउल्यांनी आयुष्यभर काटकसर केली, त्यांना उपदेशाची जरूर नाही. व ज्यांना जरूर आहे ते हा लेख वाचतीलच असे नाही. म्हणून उपदेश बाजूस ठेवून इतिहास सांगावयाचे ठरविले. राजेरजवाड्यांचा, लढायांचा व तहांचा इतिहास आम्ही शाळेत मुलांना शिकविला. परंतु आपल्या आज्या-पणज्यांनी तुटपुंज्या मिळकतीत दहा माणसांचा संसार कसा रेटला आणि त्यातूनही चार पैसे मागे कसे टाकले, याचा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक खुलासा केलेला बरा. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. पाहुण्याला अर्धपोटी उठविणे हा कंजूषपणा. पाहुणा येणार म्हणून आठ दिवस आधीपासून तूप राखून ठेवणे ही काटकसर. कंजूष मनुष्य पैशासाठी माणसे तोडतो. काटकसरी मनुष्य माणसांसाठी पैसा जोडतो. हा भेद आपल्या वाडवडिलांना पुरता ठाऊक होता.

कणगी, चूल आणि माप

जुन्या घरात रोकड थोडी आणि व्यवहार बहुतेक धान्याचा असे. बलुतेदाराचे बलुते धान्यात, शेतमजुराची मजुरी धान्यात, दारावर आलेल्या माळणीची भाजीसुद्धा कित्येकदा धान्याच्या मोबदल्यात. त्यामुळे काटकसरीचे पहिले शिक्षण पैशाचे नव्हते, मापाचे होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक माझ्या आजीला अक्षरओळख नसताना तोंडपाठ होते. दळणाला किती दाणे काढावयाचे हे ती खाणाऱ्यांची डोकी मोजून ठरवी. दुसऱ्याला देण्याचे माप ती शिगोशीग भरी. घरात शिजवावयाचे माप मात्र बोट फिरवून सपाट करी. बोट फिरविताना जी मूठभर शीग खाली येई, ती कणगीत परत न जाता कोपऱ्यातल्या एका वेगळ्या मडक्यात पडे. महिन्याकाठी त्या मडक्यात पायलीभर धान्य सहज जमे. दारी आलेला वारकरी, शेजारची बाळंतीण, ऐन पावसाळ्यातील ओढ, या साऱ्यांची तरतूद त्या मडक्यातून होई. या लेखाचे सूत्र म्हणून वाचकांनी ती मूठ ध्यानात ठेवावी. खर्च करून उरले ते शिल्लक, असा तिचा हिशेब नव्हता. आधी बाजूला काढावयाचे आणि राहील त्यात भागवावयाचे, असा तो हिशेब होता.

चुलीचीही अशीच योजना असे. मुख्य चुलीशेजारी वैल असावयाचा. पुढच्या जाळावर भाकरी, आणि तोच जाळ आतून वैलाखाली गेला की त्यावर आमटी. भाकऱ्या आटोपल्या की निखाऱ्यावर दूध, आणि निखारे विझत आले की राखेत वांगे किंवा रताळे. उरलेली राख भांडी घासण्यास आणि कडधान्याला किडीपासून जपण्यास. एका मोळीतून एवढी कामे होत. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, रात्रीच्या भाकरीचा सकाळी फोडणी देऊन केलेला कुस्करा, हे पदार्थ आज हौसेने केले जातात. त्या काळी ते गरजेपोटी जन्मले. उन्हाळ्यात घातलेली वाळवणेही तशीच. भाजी स्वस्त असताना तिचे सांडगे घालावयाचे, म्हणजे पावसाळ्यात बाजाराचे तोंड पाहावयास नको.

वस्त्राचे आयुष्य तर मोठे लांब असे. नऊवारी लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून दोन चांगली टोके जोडावयाची. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही फाटले की त्यातून बाळाची दुपटी व झबली निघत, पुढे गोधडीचे थर, मग चुलीपुढचे पोतेरे. विद्यार्थ्यांची तीच गत होती. वार्षिक परीक्षा झाली की सर्व वह्यांतील कोरी पाने काढून, दाभणाने शिवून पुढील वर्षाची कच्ची वही तयार होई. आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा उरला की तो बोरूच्या नळीत खोचून शेवटपर्यंत झिजविला जाई.

पैशाच्या व्यवहारालाही हीच शिस्त होती. १ रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पया. म्हणजे अगदी लहान खर्चालाही त्याच्या मापाचे नाणे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी ही कोष्टके मुलांकडून घोकून घेतली जात, ती काही केवळ शिक्षकांच्या हौसेखातर नव्हे. पावशेर तेलाचे किती व दीड वार कापडाचे किती, हे दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकाला समजले नाही तर गिऱ्हाईक नाडले जाई.

मात्र हे चित्र रंगविताना एक गोष्ट लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या काटकसरीचा भार घरातील सर्वांवर सारखा नव्हता. पुरुषांची पंगत आधी, मुलांची त्यानंतर आणि बायकांची शेवटी. सपाट केलेल्या मापातून जी मूठ कमी झाली, ती बहुधा शेवटच्या पंगतीच्या ताटातून कमी झाली. ज्या हाताने मूठ बाजूला काढली त्याच हाताला घास कमी पडला. पुढील इतिहास वाचताना याचा विसर पडू नये.

काटकसरीने जे साधले नाही

आपला शेतकरी व कारागीर कर्जात बुडाला तो लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे, असे विधान गेली दीडशे वर्षे ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. ऋण काढून सण करण्याची खोड आपल्यात होती व आहे. परंतु इतिहास पाहता एवढ्यावर निकाल देता येत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे हिंदुस्थानातील कापसाला मोठा भाव आला. हाती पैसा खेळू लागला व सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास नव्या पाहणीनुसार जमिनीचा सारा वाढविण्यात आला. सारा रोखीत भरावयाचा, धान्याला भाव नाही, आणि सावकाराच्या खतावर अंगठा उमटविताना त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, अशा तिहेरी कचाट्यात शेतकरी सापडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सावकारांकडील खते व कर्जरोखे हस्तगत करून त्यांची होळी करण्यात आली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. लग्नकार्यातील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, तो खर्च कर्जाचे मूळ क्वचितच असतो, असे मत त्या आयोगाने नमूद केले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

यातून आपण काय बोध घ्यावा? त्या शेतकऱ्यांच्या घरीही माप सपाट होत होते, वैल पेटत होता, लुगड्याला दंड घातला जात होता. मूठ बाजूला पडत होती. पण ती ठेवावयास सुरक्षित जागा नव्हती, आणि अडल्या वेळी रास्त व्याजाने पैसे मिळण्याचे ठिकाण नव्हते. कणगीतले धान्य उंदीर खाई, पुरलेला पैसा चोर नेई, आणि चांदीचे गोट-वाळे सावकाराच्या तिजोरीत जाऊन पडत. एकट्या घराची काटकसर कितीही कडक असली तरी एका दुष्काळापुढे ती टिकत नाही. काटकसरीला संस्थेची जोड लागते, हा पुढील पिढीने घेतलेला धडा होय.

मूठ घराबाहेर पडली

सरकारी बचत बँका कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे १८३३ ते १८३५ या काळात निघाल्या होत्या. परंतु त्या खेड्यातील माणसापासून फार दूर. १८८२ साली टपाल खात्याने बचत बँक सुरू केली आणि पत्र आणणाऱ्या कचेरीतच पैसे ठेवण्याची सोय झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, पोस्टाची कॅश सर्टिफिकिटे निघाली. मुंबईच्या गिरणीत अगर गोदीत काम करणाऱ्या कोकणी व घाटी माणसाला मनीऑर्डर आणि पासबुक या दोन्हींचा परिचय पोस्टानेच करून दिला.

त्याच काळात महाराष्ट्रात एक नवी कल्पना पुढे आली. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची चळवळ उभारली. देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा, अशी ती साधी मागणी होती. लोकमान्य टिळकांनी या उपक्रमाचा जोरदार पुरस्कार केला, आणि जमलेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळू लागले. एका पैशात घरात काय येत असेल ते येवो. परंतु अनेक पैसे एकत्र आल्यावर भट्टी पेटते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि ज्ञातिसंस्थांना एक नवे साधन मिळाले. हा भाग आपल्यासारख्या मंडळाने मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. मुंबईत १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ सारस्वत समाजातील लोकांसाठी सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. याच तालमकींच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. पुण्यात १९०६ सालीच कॉसमॉस बँकेचा प्रारंभ झाला. १९१८ साली गिरगावात सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी निघाली. आजारपण, लग्नकार्य व जुने कर्ज यांनी गांजलेल्या कुटुंबांना हात देणे हा तिचा मूळ हेतू होता. या सर्व संस्थांचा आरंभ नोकरदार मध्यमवर्गीयांच्या लहान लहान भागभांडवलातून झाला, आणि पुढे त्यांची दारे सर्व समाजांना उघडी झाली. ज्ञातीपासून आरंभ करावा, परंतु ज्ञातीपाशी थांबू नये, हा त्यांचा कित्ता आहे.

खेड्यापाड्यांत मुठीचे मोल सर्वांत अधिक कोणी ओळखले असेल तर ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ साली तिचे ठाणे सातारा येथे हलविले. घरोघरच्या मूठमूठ धान्यातून मुष्टिफंड उभा राहिला आणि त्यावर वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. माझ्या आजीच्या मडक्यातील मूठ आणि मुष्टिफंडातील मूठ एकच; फरक एवढाच की पहिली घराला तारी आणि दुसरीने पिढी शिकविली.

टंचाईची वर्षे

दुसऱ्या महायुद्धाने काटकसर ही घरापुरती बाब न ठेवता सरकारी नियमाची बाब केली. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. माणशी ठरलेले धान्य, हाती कार्ड आणि दुकानापुढे रांग, हा दिनक्रम झाला. ज्या घरात माप सपाट करण्याची सवय होती त्या घराने रेशनच्या थैलीतही महिना काढला.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि आण्याचा हिशेब ६ पैसे व पाव असा तुटक होऊ लागला. व्यवहारात १ आण्याला ६ नवे पैसे व ४ आण्यांना २५ नवे पैसे असा दर ठरला. माझ्या आजीने यातील मेख आठवडाभरात ओळखली, असे आई सांगत असे. एकदम चार आण्यांचा जिन्नस घेतला तर २५ पैसे जात. तोच आण्याआण्याने चार वेळा घेतला तर २४ पैशांत भागे. तो एक पैसा ती वाचवी. १९६४ साली 'नवे' हे विशेषण गळून नुसता 'पैसा' उरला. पण २५ पैशांना चार आणे म्हणण्याची रीत कित्येक दशके राहिली. अखेर ३० जून २०११ रोजी ते चार आणेही चलनातून गेले. त्याच सुमारास, १९५८ पासून, मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली, आणि शेर-पायलीचे कोष्टक आजीबरोबरच निघून गेले.

१९६२ साली चिनी आक्रमण झाले तेव्हा घरोघरच्या स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला दागिने दिले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. आपल्या स्त्रियांची सारी शिल्लक सोन्यात असल्यामुळे ती बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी ते मनापासून पाळले. कारण सांगणारा स्वतः साधेपणाने राहत होता.

१९७२ चा दुष्काळ मात्र मी स्वतः पाहिला आहे. विहिरी आटल्या, गुरे बाजारात नेली गेली, आणि चांगल्या घरच्या बाया खडी फोडण्याच्या कामावर गेल्या. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि शाळेतील सुकडी यांची चव आमच्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. त्या वर्षी आमच्या कोपऱ्यातले मडके रिकामे होते. पण आई दळणाला बसली की चार दाणे तरी त्यात टाकी. "मडके रिते राहिले तर हात विसरेल," असे ती म्हणे. दुष्काळात दाण्यांपेक्षा सवय राखून ठेवावी लागते, हे तेव्हा मला कळले नाही, पुढे कळले.

हिशेब आणि नाव

मूठ बाजूला पडली आणि ती संस्थेत गेली, म्हणजे सर्व झाले काय? माझा अनुभव सांगतो की आणखी दोन गोष्टी लागतात. एक हिशेब आणि दुसरे नाव.

हिशेबाची गोष्ट अशी. माझ्या थोरल्या बहिणीने शिवणकाम करून साठविलेले चाळीस हजार रुपये तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याजाचा दर इतरांपेक्षा बराच अधिक होता आणि संचालक ओळखीचे होते, एवढाच तपास तिने केला व मीही केला. संस्था बुडाली. नऊ वर्षे हेलपाटे घातल्यानंतर निम्मी रक्कम हाती आली. मी वीस वर्षे मुलांना व्याजाची उदाहरणे शिकविली. पण त्या संस्थेचा ताळेबंद एकदाही मागून पाहिला नाही, याचा सल अद्याप आहे. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की बँकांतील ठेवींना विमासंरक्षण असते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास ५ लाख रुपये करण्यात आली. परंतु हे संरक्षण पतसंस्थांतील ठेवींना लागू नाही. जास्त व्याजाची पाटी पाहिली की हा फरक आधी आठवावा.

नावाची गोष्ट अधिक नाजूक आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. यापूर्वी १९४६ व १९७८ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या, पण त्या सामान्य घरात नव्हत्याच. या वेळी मात्र घराघरांतील डाळीचे डबे, गाद्यांच्या खोळी आणि देव्हाऱ्यामागचे कोनाडे उघडले गेले. आमच्या घरीही तिसऱ्या दिवशी आईने हरभऱ्याच्या डाळीचा पितळी डबा माझ्यापुढे आणून ठेवला. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. डाळीखाली फडक्यात बांधलेल्या पाचशेच्या तेवीस नोटा होत्या. मी चकित होऊन विचारले, "आई, हे तू आम्हाला कधी सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "घराचेच आहेत रे. पण घराला सांगितले असते, तर घराने ठेवले असते का?"

मला उत्तर देता आले नाही. माझे डी.एड.चे शुल्क, बहिणीचे शिवणयंत्र, वडिलांच्या आजारपणातील औषधे, ही सर्व ऐन वेळी कोठून आली हे त्या एका प्रश्नाने उलगडले. पुढे बँकेत गेल्यावर ध्यानात आले की आईच्या नावावर खातेच नाही. तिच्या आयुष्यभराच्या मुठीतले ते साडेअकरा हजार रुपये माझ्या खात्यात भरावे लागले. पासबुकात नोंद झाली ती माझ्या नावाची. निवृत्तीपर्यंत शाळेच्या संचयिकेत मी शेकडो मुलामुलींची नावे स्वहस्ते लिहिली होती. दर आठवड्याला रुपया-दोन रुपये आणणाऱ्या पोरींना "स्वतःच्या नावाचे पुस्तक जपून ठेवा" असे बजावले होते. आणि स्वतःच्या आईच्या नावाचे पुस्तक काढावयास मला तेवढी वर्षे लागली. पुढील महिन्यात पोस्टात तिचे खाते उघडले, आणि ती रक्कम त्यात वळती केली. तिने सही करावयास दहा मिनिटे घेतली.

ज्यांनी नावाचे हे महत्त्व ओळखले त्यांनी मोठी कामे केली आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती भाषक गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. लिज्जत पापडाचा उद्योग त्यातून उभा राहिला. घरच्या वाळवणाचे कौशल्यच ते, पण तेथे लाटणारी स्त्री संस्थेची सभासद असते व तिच्या कामाचे दाम तिच्या हाती पडते. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना ५०० गटांपासून सुरू केली, आणि पाहता पाहता महाराष्ट्राच्या गावोगावी बचत गटांच्या वह्या लिहिल्या जाऊ लागल्या. सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी गावी १९९७ साली माण देशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. बायका निरक्षर आहेत म्हणून प्रथम परवाना नाकारला गेला. तेव्हा त्याच बायका अक्षरे शिकून परत गेल्या, आणि यंत्राशिवाय व्याज तोंडी काढून दाखविण्याची पैज त्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडली, ही हकीकत संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी अनेकदा सांगितली आहे. ज्यांच्या आज्यांना निळवे-कोळवे तोंडपाठ होते, त्यांना व्याज अवघड वाटण्याचे कारणच काय?

सभासद कुटुंबांस विनंती

आता दिवस पालटले आहेत. वैल गेला, गॅस आला. पायली गेली, किलो आला. हातातील रोकडही जाऊन मोबाईलवरून पैसे दिले जाऊ लागले. पूर्वी पैसा हातून सुटताना दिसत असे, आता तो दिसतही नाही. म्हणून काटकसरीची रीत नवी शोधावी लागेल. परंतु तिचे तत्त्व जुनेच राहील. महिन्याचा पगार जमा होताच प्रथम मूठ बाजूला काढावी आणि नंतर खर्चास आरंभ करावा. ती मूठ जेथे ठेवावयाची त्या संस्थेचा ताळेबंद एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. मागे टाकलेला पैसा मांडवाच्या झगमगाटात एका दिवसात न उडविता मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणास लावावा. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीला वर्षाकाठी मूठभर का होईना द्यावे. तोही एक मुष्टिफंडच आहे.

आणि शेवटची विनंती पुरुष मंडळींस आहे. ही स्मरणिका वाचून झाल्यावर आपल्या घरातील पासबुके एकदा बाहेर काढून पाहावीत. त्यांवर आईचे, पत्नीचे, मुलीचे नाव कोठे आहे का, हे तपासावे. नसेल तर येत्या सोमवारी पोस्टात अगर बँकेत जाऊन ते घालावे. ज्या हाताने आपल्यासाठी मूठ बाजूला काढली, त्या हाताची सही कोठेतरी असली पाहिजे.

माझी आई आता नाही. तिचे पासबुक माझ्याजवळ आहे. त्यात शेवटपर्यंत दरमहा शंभर रुपयांची नोंद आहे, एकही महिना चुकलेला नाही.